मुंबईतील पादविकार-चिकित्सेची परंपरा आणि लेसर उपचारांचा पुरावा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

वैद्यकाच्या इतिहासलेखनात हृदय, मेंदू किंवा साथीचे रोग यांना जे स्थान मिळाले, ते पायाच्या विकारांना मिळाले नाही. वास्तविक श्रमिकांच्या शहरात पाय हाच उपजीविकेचा आधार असतो. गिरणीत यंत्रासमोर उभ्याने पाळी करणारा परळ-लालबागचा कामगार, गोदीतील हमाल, दादरच्या बाजारात दिवसभर उभा राहणारा विक्रेता यांच्या दृष्टीने तळपायाची जखम म्हणजे बुडालेली मजुरी होय. पावसाळ्यात हिंदमाता-परळ भागात साचणाऱ्या पाण्यातून चालणाऱ्यांना बोटांच्या बेचक्यांतील चिखल्या नव्या नाहीत. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली, तेव्हा पायावरील साधी भेगही रोगजंतूंचे प्रवेशद्वार ठरू शकते, याची जाणीव शहराला झाली.

गेल्या दोन दशकांत पायाच्या विकारांवरील उपचारांत 'लेसर' हा शब्द रूढ झाला. नखांची बुरशी, तळपायावरील चामखीळ, कुरूप, टाचेचे दुखणे, मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमा, फुगलेल्या शिरा अशा परस्परांहून भिन्न विकारांवर लेसर सुचविला जातो. हे सर्व उपचार एकाच नावाने ओळखले जात असले, तरी त्यांमागील पुरावा सारखा नाही. नव्या उपचाराची पारख कशी करावी, हा प्रश्न मुंबईच्या वैद्यकविश्वाला नवीन नाही. भायखळा, परळ आणि वडाळा येथील संस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्याला वेगवेगळ्या प्रसंगी तोंड दिले आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी चार प्रसंगांचा आढावा घेऊन त्यांच्या आधारे पायावरील लेसर उपचारांच्या पुराव्याचे आणि व्यावसायिक जबाबदारीचे विवेचन केले आहे.

हेन्री कार्टर आणि 'मदुरा पाय' : निदानाचा प्रश्न

हेन्री व्हॅनडाइक कार्टर हे नाव 'ग्रेज ॲनॅटॉमी' या ग्रंथातील आकृत्यांचे चित्रकार म्हणून जगभर परिचित आहे. त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग मात्र मुंबईत गेला. १८५८ मध्ये ते मुंबईत आले आणि भायखळ्यातील ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्राचे अध्यापन केले. येथेच त्यांनी एका विलक्षण पादविकाराचा अभ्यास केला. या विकारात पाय सुजतो, त्यावर अनेक छिद्रे पडतात आणि त्यांतून काळे किंवा फिकट कण बाहेर पडतात. दक्षिणेतील मदुरा येथील रुग्णांवरून तो 'मदुरा पाय' म्हणून ओळखला जात असे. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांत व मजुरांत तो विशेष आढळे आणि बहुधा पाय कापण्यावाचून गत्यंतर नसे.

हा विकार बुरशीजन्य आहे, असे प्रतिपादन करून कार्टर यांनी त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. १८७४ मध्ये त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे निरीक्षण मूलतः योग्य होते. तथापि, रोगग्रस्त पायाच्या नमुन्यावर वाढलेल्या ज्या बुरशीला वनस्पतिशास्त्रज्ञ बर्कली यांनी कार्टर यांचे नाव दिले, ती रोगाचे कारण नसून बाहेरून आलेली उपरी वाढ होती, हे पुढे स्पष्ट झाले. काही रुग्णांत हा विकार बुरशीमुळे, तर काहींत तंतुरूप जीवाणूंमुळे होतो, हा भेदही विसाव्या शतकाच्या आरंभी प्रस्थापित झाला. या भेदाला व्यावहारिक महत्त्व आहे, कारण जीवाणूजन्य प्रकारावर प्रतिजैविके उपयोगी पडतात, बुरशीजन्य प्रकारावर पडत नाहीत.

जखमेवर जे दिसते तेच तिचे कारण असते असे नाही, आणि बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन पायांना दोन भिन्न उपचार लागू शकतात, हे या प्रकरणातून दिसून येते. नखांच्या लेसर उपचारांच्या संदर्भात याच मुद्द्याकडे पुन्हा वळावे लागते.

डॉ. भाऊ दाजी लाड : औषधाच्या गुप्ततेचा वाद

ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतील पदवीधर डॉ. भाऊ दाजी लाड हे प्राच्यविद्यापंडित, समाजधुरीण आणि गोरगरिबांचे डॉक्टर म्हणून महाराष्ट्राला परिचित आहेत. संस्कृत वैद्यकग्रंथांचा व्यासंग आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण यांचा मेळ घालून त्यांनी कुष्ठरोगावर देशी औषधाचे प्रयोग केले. पश्चिम घाटात आढळणाऱ्या कडू कवठ या वृक्षाच्या बियांच्या तेलाशी या औषधाचा संबंध जोडला जातो. रुग्णांत सुधारणा दिसत असल्याचे सांगितले जात होते, परंतु औषधाचे घटक तत्काळ उघड न झाल्यामुळे समव्यावसायिकांत वाद निर्माण झाला. १८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन झाले.

भाऊ दाजींच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न पद्धतीचा होता. औषध कोणते, मात्रा किती, कोणत्या अवस्थेतील रुग्णांना दिले आणि किती काळ पाहिले, हे उघड झाल्याशिवाय दुसऱ्या चिकित्सकाला त्याची पडताळणी करता येत नाही. शिवाय कुष्ठरोगाचे काही प्रकार उपचाराविनाही कालांतराने मंदावतात. त्यामुळे रुग्णाची त्वचा सुधारलेली दिसली, एवढ्यावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही. याच जातीच्या वृक्षांचे तेल पुढे जगभर कुष्ठरोगावर वापरले गेले आणि १९४० च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत त्याचे स्थान टिकून राहिले. इतका दीर्घ काळ वापरात राहूनही त्याच्या परिणामकारकतेचा निर्णायक तौलनिक पुरावा उभा राहिला नाही. दीर्घकालीन वापर हा पुराव्याला पर्याय नव्हे, हे यातून लक्षात येते.

परळची प्रयोगशाळा : तुलना आणि सुरक्षितता

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगचा उद्रेक झाला. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगप्रतिबंधक लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली आणि लस न घेतलेल्या कैद्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. बंदिवानांची 'स्वेच्छा' कितपत स्वतंत्र मानावी, हा आजच्या दृष्टीने गंभीर प्रश्न आहे. तरीही नव्या उपायाचा निकाल तुलनेने लावण्याचे तत्त्व येथे प्रत्यक्षात आले. १८९८ मध्ये बडोदा संस्थानातील उंढेरा गावी ही तुलना अधिक काटेकोर झाली. प्रत्येक कुटुंबातील काहींना लस देऊन इतरांना तशीच ठेवण्यात आले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ जणांना प्लेग होऊन ३ दगावले, तर लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना रोग होऊन २६ मृत्युमुखी पडले. एकाच घरात राहणारी, एकच अन्नपाणी घेणारी माणसे दोन्ही गटांत असल्यामुळे या आकड्यांना वजन प्राप्त झाले.

१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. दरम्यान १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्या १०७ जणांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले आणि हाफकिन यांच्यावर ठपका आला. दोष परळच्या प्रयोगशाळेतील निर्मितीत नसून जागेवर कुपी उघडताना झालेल्या हाताळणीत असावा, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यानंतर १९०७ मध्ये ते दोषमुक्त झाले. उपाय गुणकारी असला तरी तो वापरणाऱ्या हाताची शिस्त सुटल्यास प्राणघातक ठरू शकतो, हा या घटनेचा अर्थ आहे. साधनाची सुरक्षितता आणि ते हाताळणाऱ्याचे प्रशिक्षण यांचा विचार यामुळेच एकत्र करावा लागतो.

वडाळ्याचा अनुभव : संवेदना हरवलेला पाय

मुंबईचे महापालिका आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा येथे निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. आज ते वडाळ्याचे ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय म्हणून परिचित आहे. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या साहाय्याने ऐतिहासिक पोवाड्यांचे संकलन करणारे ॲकवर्थ ते हेच होत. आरंभी या संस्थेचे स्वरूप मुख्यतः रुग्णांना रस्त्यावरून दूर ठेवण्याचे होते. उपचाराची आशा सल्फोन औषधांनी आणि पुढे १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने निर्माण केली.

जंतू नष्ट झाले तरी बधिर झालेल्या पायाला गेलेली संवेदना बहुधा परत मिळत नाही. तळपायावरील व्रण हे कुष्ठरोगाचे अपरिहार्य लक्षण असून 'मांसच सडते', अशी समजूत दीर्घकाळ होती. वेल्लोर येथे १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांचे सहकारी यांनी ही समजूत दूर केली. वेदना जाणवत नसल्यामुळे रुग्ण त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देतो आणि ऊतींचा नाश होतो, हे त्यांनी दाखविले. पायाला प्लास्टर घालून भार काढून घेतला की वर्षानुवर्षांची जखम भरून येई. मऊ सूक्ष्मछिद्री रबराची चप्पल तिची पुनरावृत्ती टाळी. रोज पाय भिजविणे, राठ कातडी घासणे, तेल लावणे आणि तळपाय निरखून पाहणे हे साधे उपाय हाच या चिकित्सेचा कणा ठरला. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टसारख्या संस्थांनी अशी सेवा मुंबईच्या झोपडपट्ट्यांपर्यंत नेली.

आज हेच शास्त्र मधुमेही पायाला लागू पडते. जंतुसंसर्ग आणि रक्तपुरवठा यांकडे लक्ष देऊन व्रणावरील भार काढणे, हा मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचा गाभा आहे. तळपायावरील नेहमीच्या व्रणासाठी गुडघ्यापर्यंतचे, रुग्णाला स्वतः काढता न येणारे साधन त्यांत प्रथम पसंतीचे मानले आहे.

लेसर : उगम आणि कार्यपद्धती

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर कार्यान्वित केला. वैद्यकात बहुमोल ठरलेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी विकसित केला. पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि पदवीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील. निओडिमियम-याग लेसरही त्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेत सिद्ध झाला.

कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असून ती ऊतीतील पाण्यात शोषली जाते व ऊतीची वाफ होते. निओडिमियम-याग लेसरचे १,०६४ नॅनोमीटरचे किरण अधिक खोल जाऊन उष्णता निर्माण करतात. यांहून सर्वस्वी भिन्न असा तिसरा प्रकार म्हणजे अल्पशक्ती लेसर. बुडापेस्टचे एन्द्रे मेस्टर यांना १९६० च्या दशकात उंदरांवरील प्रयोगात, किरण दिलेल्या जागी केस लवकर उगवल्याचे आढळले. त्यातून अल्पशक्ती प्रकाशाने ऊतींना चालना मिळते, ही कल्पना पुढे आली. कापणारा, तापविणारा आणि चालना देणारा असे हे तीन प्रकार एकाच शब्दाखाली येतात. त्यामुळे एका प्रकाराच्या यशाची प्रतिष्ठा दुसऱ्याला नकळत लाभते.

पुराव्याचे स्वरूप

पायाशी संबंधित लेसर उपचारांपैकी सर्वांत भक्कम आधार शिरांच्या विकारांत आढळतो. घोट्याजवळील शिराजन्य व्रणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५० रुग्ण सहभागी होते. दाबपट्टीच्या जोडीने सदोष शिरा शिरेच्या आतून लवकर बंद केल्यास व्रण भरण्याचा मध्यक काळ ५६ दिवस, तर हा उपचार लांबणीवर टाकल्यास ८२ दिवस आढळला. शिरा बंद करण्याच्या मान्य पद्धतींत लेसर ही एक आहे. येथे लाभ सदोष शिरा वेळेवर बंद करण्याचा आहे. लेसर हे त्याचे एक साधन होय.

नखांच्या बुरशीबाबत चित्र वेगळे आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० पासून काही लेसर यंत्रांना दिलेली परवानगी 'स्वच्छ दिसणाऱ्या नखाच्या भागात तात्पुरती वाढ' एवढ्यापुरती आहे. तिचा अर्थ बुरशीचे निर्मूलन असा होत नाही. नखांच्या बुरशीवरील बाह्य व यंत्राधारित उपचारांच्या २०२० च्या कॉक्रेन समीक्षेतही लेसरविषयीचा पुरावा कमी विश्वासार्हतेचा ठरला. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्णपणे नवीन येण्यास साधारणतः १२ ते १८ महिने लागतात. म्हणून तीन महिन्यांनंतरच्या छायाचित्रावरून काढलेला निष्कर्ष अपुरा असतो. नख नीट कापले व घासले तरीही ते स्वच्छ दिसते. त्याहून मूलभूत प्रश्न निदानाचा आहे. विरूप नखांपैकी सुमारे निम्म्याच नखांत बुरशी असते. उरलेल्यांत सोरायसिस, जुनी दुखापत किंवा चपलेचा दाब ही कारणे असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी न करता दिलेला कोणताही बुरशीविरोधी उपचार कार्टर यांच्या काळातील संदिग्धतेकडे परत नेतो.

चामखिळींबाबत २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेत ८५ चाचण्यांचा परामर्श घेतला गेला. त्यात सॅलिसिलिक आम्लासारख्या स्वस्त व जुन्या औषधाला तुलनेने चांगला आधार मिळाला, लेसरविषयीची माहिती मात्र तुटपुंजी ठरली. अनेक चामखिळी कालांतराने आपोआप नाहीशा होतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. तळपायावर लेसरने झालेला व्रण चालताना दुखणारा वण मागे ठेवू शकतो. लेसरने चामखीळ जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश आढळल्याने धूर शोषणारे यंत्र व मुखपट्टी आवश्यक ठरते. कुरूप तर दाबाचा परिणाम असते. ते कापले किंवा जाळले, तरी चप्पल आणि चालण्याची ढब तीच राहिली तर ते पुन्हा येते.

अल्पशक्ती लेसरविषयी ब्राझीलच्या पारा राज्यातील एक चाचणी उल्लेखनीय आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या यादृच्छिक चाचणीत कुष्ठरोगोत्तर व्रणांवर नेहमीची मलमपट्टी आणि तिला लेसरची जोड यांची तुलना झाली. लेसरमुळे अधिक लाभ आढळला नाही. चाचणी लहान होती, त्यामुळे तिला अंतिम शब्द मानता येणार नाही. तथापि, भार कायम ठेवून जखमेला चालना देण्याच्या मर्यादांकडे ती लक्ष वेधते.

व्यावसायिक सावधगिरी

लेसरच्या धोक्याचा सर्वांत गंभीर पैलू संवेदनाहीन पायाशी निगडित आहे. उष्णता वाढली की रुग्ण पाय मागे घेतो, या गृहीतावर तापविणाऱ्या उपचारातील सुरक्षितता काही अंशी अवलंबून असते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या किंवा कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या रुग्णाला ती उष्णता जाणवतच नाही. गणेशोत्सवात लालबागच्या रांगेत अनवाणी उभ्या राहणाऱ्या मधुमेही भाविकाला डॉक्टर जो इशारा देतात, तोच येथेही लागू होतो. म्हणून पायावर लेसर वापरण्यापूर्वी सूक्ष्म तंतूने संवेदना तपासणे आणि नाडीचे ठोके पाहणे ही औपचारिकता मानता येणार नाही. वेळीच न कळलेला भाजल्याचा व्रण अंगच्छेदनापर्यंत जाऊ शकतो.

कायदा व नीतिनियम या संदर्भात स्पष्ट आहेत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी गुप्त औषधांचा वापर आणि रुग्णांना आकृष्ट करण्यासाठी जाहिरात करणे अनैतिक ठरविले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये आणलेले नवे विनियम त्याच महिन्यात स्थगित झाल्याने २००२ चे विनियम पुन्हा लागू करण्यात आले. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेह आणि कुष्ठरोग या दोहोंचा समावेश आहे. समीरा कोहली प्रकरणातील २००८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने संमतीपूर्वी उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके आणि उपलब्ध पर्याय रुग्णास सांगणे आवश्यक मानले. या निकषानुसार नखाच्या बुरशीवर लेसर सुचविताना गोळ्यांचा पर्याय, त्यामागील अधिक भक्कम पुरावा आणि यकृतविकार असणाऱ्यांबाबत घ्यावयाची काळजी सांगणे चिकित्सकाचे कर्तव्य ठरते. गोळ्या ज्यांना चालत नाहीत अशा रुग्णासाठी लेसरचा विचार होऊ शकतो. मात्र फलनिष्पत्तीची अनिश्चितता आणि एकूण खर्च त्याला आधी कळला पाहिजे.

खर्चाचा मुद्दा गौण नाही. अनेक बैठकांच्या लेसर उपचारांवर मर्यादित उत्पन्नातील पैसा संपला, तर योग्य पादत्राण, रक्तशर्करेची तपासणी आणि नियमित मलमपट्टी यांसाठी काही उरत नाही. अप्रमाणित उपचाराने प्रत्यक्ष इजा केली नाही, तरी प्रमाणित उपचार लांबणीवर पडल्याने हानी होते. शिराजन्य व्रणांच्या उपरोक्त चाचणीत विलंबाचे हे मोल दिवसांत मोजले गेले आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पायावरील लेसर उपचारांचा सरसकट स्वीकार किंवा सरसकट नकार, दोन्ही अशास्त्रीय ठरतात. शिराविकारांत लेसरने आपले स्थान सिद्ध केले आहे. नखांच्या बुरशीत ते अनिश्चित आहे. चामखिळीत तो पहिल्या पसंतीचा उपाय ठरलेला नाही आणि संवेदनाहीन तळपायावरील व्रणात भार काढण्याची जागा तो घेऊ शकत नाही. कार्टर यांच्या संशोधनाने निदानाची, भाऊ दाजींविषयीच्या वादाने पद्धतीच्या पारदर्शकतेची, हाफकिन यांच्या चाचण्यांनी तुलनेची आणि ॲकवर्थ-वेल्लोर परंपरेने कारणाकडे लक्ष देण्याची गरज अधोरेखित केली. या चार कसोट्यांसाठी महागडे यंत्र लागत नाही. परळ-वडाळा परिसरातील सार्वजनिक रुग्णालयांत मधुमेही व बधिर पायांचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात. तेथे भार काढण्याच्या उपचाराशी लेसरची तुलना करणाऱ्या, पुरेशा मोठ्या आणि निकाल काहीही आला तरी प्रसिद्ध होणाऱ्या चाचण्या हाती घेणे शक्य आहे. तोपर्यंत रुग्णाच्या पायावर यंत्र रोखण्यापूर्वी त्याचा तळपाय आणि त्याची चप्पल तपासणे, हीच व्यावसायिक सावधगिरीची किमान अपेक्षा होय.